मॉड-पर्ल : विनंती, सत्र आणि दोषांचा शोध

पर्ल ही संगणकभाषा लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केली. संकेतस्थळांच्या आरंभकाळात सीजीआय पद्धतीने तिचा विपुल वापर झाला. या पद्धतीत प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रक्रिया सुरू होते आणि उत्तर देऊन संपते. मॉड-पर्लने पर्लचा इंटरप्रिटर अपाचे सर्व्हरच्या आतच बसविला. तीच प्रक्रिया अनेक विनंत्या हाताळू लागली. वेग वाढला, मात्र एका विनंतीची माहिती पुढील विनंतीपर्यंत उरण्याचा धोकाही आला.

उदाहरणादाखल आपण निकालपत्रक दाखविणारा प्रोग्रॅम घेऊ. त्यात आसनक्रमांकाचे चल 'माय' लिहून घोषित केले आहे आणि खालचे नाव असलेले सबरूटीन ते थेट वापरते. सीजीआयखाली हे बिनचूक चालते. मॉड-पर्लची रजिस्ट्री मात्र संपूर्ण प्रोग्रॅम एका सबरूटीनमध्ये गुंडाळते. परिणामी आतील सबरूटीन पहिल्या विनंतीच्या चलाशीच बांधलेले राहते आणि दुसऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याचे गुण दिसतात. ज्याने आपली माहिती विश्वासाने सोपविली, त्याचा हा विश्वासभंग होय.

हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. कारण अपाचेच्या अनेक बालप्रक्रिया असतात आणि प्रत्येकीची स्मृती वेगळी असते. म्हणून प्रथम 'एक्स' पर्याय देऊन सर्व्हर एकाच प्रक्रियेत चालवावा आणि दोन भिन्न आसनक्रमांक लागोपाठ पाठवावेत. नंतर त्रुटींची नोंदवही, म्हणजे एरर लॉग, वाचावी. 'वॉर्निंग्ज' चालू असल्यास चल सामायिक राहणार नसल्याची सूचना तेथे मिळते. केवळ 'स्ट्रिक्ट' ती देत नाही. उपाय सोपा आहे : आसनक्रमांक सबरूटीनला अर्ग्युमेंट म्हणून द्यावा.

सत्रांचेही तसेच. अपाचे-सेशनमध्ये सत्राचा हॅश ग्लोबल ठेवल्यास विनंती संपूनही तो सुटत नाही. बदल साठविले जात नाहीत, कुलूपही उघडत नाही आणि पुढील विनंती खोळंबते. हॅश हँडलरच्या आतच घोषित करून शेवटी 'अनटाय' करावा. हे मोड्यूल वरच्या पातळीवरील बदलच ओळखते. आतील यादी बदलल्यास वरच्या एखाद्या कळीत वेळ नोंदवावी.

सर्व्हर पुन्हा सुरू केल्यास दोष तात्पुरता लपतो आणि स्मृतीतील पुरावाही पुसला जातो. इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आम्ही सांगू : आधी नोंदी वाचाव्यात, मगच निष्कर्ष काढावा.