आधी मोजा, मग बदला

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली उतरला की घरात एकच घाई सुरू होते: लावून तर बघू, चालतो का! ही घाई आवरा, हे सांगण्यासाठी मी लिहितो आहे. तीस-पस्तीस वर्षं वीज न लागलेलं यंत्र आणि दुकानात सहज मिळणारा नवा एलिमिनेटर यांची गाठ पहिल्याच मिनिटाला घालून दिली, तर आतलं जे शाबूत आहे तेही जातं. आमच्या यंत्राचं तसं झालं. ते पुन्हा उभं राहिलं, पण जे नुकसान टळू शकलं असतं ते तुमचं होऊ नये.

यंत्र होतं डीबी स्पेक्ट्रम प्लस. ब्रिटनच्या सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला, १९८४ मध्ये त्याची प्लस आवृत्ती निघाली, आणि पुढे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन तोच संगणक डीबी या नावाने आपल्याकडे विकला. साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड-८०ए प्रोसेसर, ४८ केबी रॅम, १६ केबी रॉम. पडदा म्हणून घरातला टीव्ही आणि साठवणीला टेपरेकॉर्डर. काकांनी तो पुण्यात शिकत असताना घेतला आणि डहाणूला आणला. घोलवडच्या वाडीतल्या चिकूच्या तोडणीची मजुरी, करंड्या आणि अडत यांचा हिशोब मांडणारा बेसिकमधला प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला होता. तो कॅसेटवर होता. मला यंत्र चालू करायचं होतं ते त्या कॅसेटसाठी.

यंत्र दुरुस्तीला दिलं. तिथे तपासायला म्हणून राउटरचा एलिमिनेटर लावला गेला. आजचे बहुतेक एलिमिनेटर मधल्या टोकाला अधिक देतात. स्पेक्ट्रमला मध्ये उणे लागतं आणि बाहेर अधिक. उलटी वीज गेली आणि वीजपुरवठ्याच्या भागातला ट्रान्झिस्टर जळला. तो बदलल्यावर पडद्यावर रंगीत चौकोनांची रांगोळी आली, म्हणून ‘रॅम गेली’ असा निष्कर्ष निघाला. बाहेरून मागवलेल्या रॅमच्या आठ चिपा बसवल्या. त्या तापल्या आणि त्याही गेल्या. यंत्र घरी आणून मल्टिमीटर लावला तेव्हा कारण कळलं.

या संगणकाची खालची १६ केबी रॅम ४११६ नावाच्या आठ चिपांची असते. या चिपेला एक नव्हे, तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. बाहेरून येतात फक्त ९ व्होल्ट. ५ व्होल्ट ७८०५ हा रेग्युलेटर देतो. १२ आणि उणे ५ हे बोर्डावरचे दोन ट्रान्झिस्टर, एक कॉइल आणि काही कपॅसिटर मिळून तयार करतात. १२ व्होल्ट येत असताना उणे ५ नसतील, तर ४११६ टिकत नाही. ट्रान्झिस्टर बदलल्यावर आमच्या बोर्डावर १२ परत आले होते, पण उणे ५ च्या वाटेवरचा कपॅसिटर मेलेलाच होता. चिपा नव्या असोत की जुन्या, तिथे जळणारच होत्या. वाडीत विहिरीचा फूटव्हॉल्व्ह गळका असताना नवी मोटर बसवली तर पाणी येत नाही आणि मोटर कोरडी फिरून जळते, तसाच हा प्रकार.

तेव्हा पहिला नियम: जो भाग मोजून खराब ठरलेला नाही तो बदलू नका, आणि ज्या जागेचं व्होल्टेज मोजलेलं नाही तिथे नवा भाग बसवू नका.

वीज देण्याआधी

नवा पुरवठा घेताना ९ व्होल्ट डीसी, दीड ते दोन अँपिअरचा, स्थिर व्होल्टेज देणारा घ्या. मधलं टोक उणे आहे हे लेबलवर वाचून थांबू नका, मल्टिमीटरने पाहा. जुना मूळचा एलिमिनेटर चालत असला तरी तो वापरू नये असं माझं मत आहे. भार नसताना तो ९ पेक्षा बरेच जास्त व्होल्ट देतो आणि त्याच्या आतले कपॅसिटरही यंत्राइतकेच म्हातारे असतात. पावसाळ्यात आमच्याकडे दिवे मिणमिणतात आणि अचानक लख्ख होतात. अशा दिवशी यंत्र लावू नका. वाडीतल्या जुन्या घरांत अर्थिंगही तपासून घ्या. सोल्डरिंग गनच्या टोकाला गळती वीज असली तर चिप हातातच मरते.

झाकण उघडल्यावर आधी बोर्डावर छापलेला आवृत्तीचा क्रमांक वाचा आणि त्याच आवृत्तीचा आराखडा मिळवा. मग वीज न देता ५, १२ आणि उणे ५ यांच्या वाटा जमिनीशी शॉर्ट नाहीत ना हे पाहा. त्यानंतरच वीज द्या आणि ४११६ च्या पायांवर मोजा: पाय १ वर उणे ५, पाय ८ वर अधिक १२, पाय ९ वर अधिक ५, पाय १६ म्हणजे जमीन. ही तीन मोजमापं बरोबर आली तर निम्मं काम झालं. चुकीची आली तर लगेच वीज बंद करा आणि चिपांकडे न जाता ट्रान्झिस्टर, कॉइल आणि कपॅसिटर तपासा. मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एवढ्या वर्षांनी बदललेलेच बरे. मात्र काढण्याआधी प्रत्येकाची दिशा कागदावर लिहून ठेवा.

आमच्या बोर्डावर उणे ५ सरळ आल्यावर मी आठही जागी सॉकेट बसवले आणि रिकाम्या सॉकेटवर पुन्हा व्होल्टेज पाहिलं. मग चिपा घातल्या. पडदा पांढरा झाला आणि खाली सिंक्लेअरची १९८२ ची ओळ उमटली.

नवे पर्याय, त्यांची खरी उपयुक्तता

आता ४११६ च्या जागी बसणारी छोटी आधुनिक मॉड्यूलं मिळतात. त्यांना फक्त ५ व्होल्ट लागतात, त्यामुळे उणे ५ गेल्याने मरण्याची भीती राहत नाही. मॉड्यूल घेतलं म्हणजे वीजपुरवठा दुरुस्त करायची गरज नाही, असं मात्र समजू नका. रंगीत चित्र तयार करणारी एलएम १८८९ ही चिप त्याच १२ व्होल्टवर चालते. रॅम नवी आणि चित्राचा पत्ता नाही, अशी अवस्था होते.

७८०५ च्या जागी त्याच तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर बसतो आणि यंत्र खूपच थंड राहतं. डहाणूच्या मे महिन्यात हा बदल उपयोगी आहे. फेरांतीची यूएलए ही चिप गेली तर पूर्वी यंत्र भंगारात जायचं. आज तिच्या जागी थेट बसणाऱ्या नव्या प्रतिकृती मिळतात. हे शक्य झालं कारण ख्रिस स्मिथ यांनी ती चिप आतून वाचून काढली आणि २०१० मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. पण यूएलए खरोखर गेलेली फार थोड्या यंत्रांत आढळते. तिच्यावर शेवटी संशय घ्या.

झिलॉग कंपनीने २०२४ मध्ये स्वतंत्र झेड-८० बनवणं थांबवलं. त्यातच बाजारात घासून नवं नाव छापलेल्या चिपा आहेत, ४११६ मध्येही आहेत. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून चिपेवर घासा; छपाई पुसली गेली तर ती परत करा. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत हिंडताना जुन्या बोर्डावरून उतरवलेली, पण खरी चिप मिळाली तर ती नकली नव्या चिपेपेक्षा चांगली.

साठवणीसाठी डिव्हएमएमसी नावाचं कार्ड मागच्या कडेच्या कनेक्टरवर बसतं. एसडी कार्डावरचा प्रोग्रॅम क्षणात येतो, जिथे कॅसेटवरून ४८ केबी भरायला सुमारे पाच मिनिटं लागायची. इथला धोका मोठा आहे. यंत्र चालू असताना हे कार्ड कधीही लावू किंवा काढू नका. कनेक्टर जरा तिरका झाला तरी शेजारच्या व्होल्टेजच्या पट्ट्या एकमेकींना भिडतात, आणि पहिला बळी तोच ट्रान्झिस्टर आणि रॅम असते. आमच्या समुद्रकाठी या पट्ट्यांवर हिरवट कीट चढलेलं असतं. कार्ड लावण्याआधी ते अल्कोहोलने पुसा. सँडपेपर वापरू नका. त्याने वरचा मुलामाच निघून जातो.

चित्रासाठी जुना आरएफ मॉड्युलेटर नव्या टीव्हीशी नीट जुळत नाही. त्याची आतली जोडणी सोडवून काँपोझिट सिग्नल त्याच सॉकेटला दिला की टीव्हीच्या पिवळ्या एव्ही पोर्टवर स्वच्छ चित्र येतं. मॉड्युलेटर उपटून टाकू नका, नुसता सोडवा. उद्या कोणाला मूळ रूपात यंत्र पाहायचं असेल तर ते परत जोडता आलं पाहिजे. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, नाव लिहून यंत्राबरोबरच ठेवा.

कीबोर्डखालचा प्लास्टिकचा मेम्ब्रेन बहुतेक वेळा कडक होऊन चिरलेला असतो. तो चिकटवायचा प्रयत्न व्यर्थ आहे. नवे मेम्ब्रेन तयार मिळतात. प्लससाठीचाच मागवा, रबरी कळांच्या जुन्या स्पेक्ट्रमचा त्याला चालत नाही.

सगळ्यात आधी कॅसेट

क्रमाने हे उशिरा सांगतो आहे, पण करायचं सर्वांत आधी. यंत्र पुन्हा मिळेल, काकांच्या हातचा प्रोग्रॅम मिळणार नाही. किनाऱ्याच्या दमट हवेत कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. खिडकीतून फीत पाहा. बुरशी दिसली तर ती टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका, नाहीतर ती हेडवरून दुसऱ्या कॅसेटवर जाते. साफ केल्यावर चांगल्या टेपरेकॉर्डरवरून ती लॅपटॉपवर ४४.१ किलोहर्ट्झने, मोनोमध्ये रेकॉर्ड करा आणि मूळ आवाजाची फाइल जशीच्या तशी जपा. नंतर त्यातून टीझेडएक्स फाइल, म्हणजे टेपची डिजिटल प्रत, बनवता येते, किंवा तोच आवाज मोबाइलच्या हेडफोन जॅकमधून स्पेक्ट्रमच्या इअर सॉकेटला देता येतो. आवाज मोठा ठेवा आणि त्या फोनची रिंग बंद करा. आमच्या कॅसेटवरचा हिशोब असाच परत आला. करंड्यांचे भाव आणि तोडणीची मजुरी पाहून काकांना त्या वर्षीचा मोहोर आठवला, त्या वाडीवर कामाला येणारी माणसं नावानिशी आठवली. ती नावं मी लिहून घेतली.

तलासरीचा धडा

तलासरीच्या एका शिक्षक मित्राला मुंबईतल्या एका शाळेच्या भंगारातून बीबीसी मायक्रो मिळाला. केंद्र सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी क्लास हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, त्यात हेच ब्रिटिश यंत्र निवडलं होतं, आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने ते युनिकॉर्न नावाने बनवलं. मित्राने तो लावताच व्यवस्थित चालला, आणि थोड्या वेळात खोली उग्र वासाच्या धुराने भरली. त्याच्या वीजपुरवठ्यात थेट २३० व्होल्टवर बसलेले रिफा कपॅसिटर असतात. त्यांचं पारदर्शक आवरण वर्षांनुवर्षांत तडकतं, आत दमट हवा शिरते आणि वीज मिळताच ते फुटतात. धूर गेल्यावर यंत्र चालत राहतं, म्हणून कोणी दुर्लक्ष करतं. तसं करू नका. असं यंत्र हाती आलं तर लावण्याआधीच ते कपॅसिटर बदला. काम थेट मेनलाइनवरचं आहे, म्हणून ज्याला त्याची सवय आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

ठेवण्याच्या जागेचाही विचार करा. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी-तलासरी पट्ट्याला भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि यंत्र उंच फळीवर ठेवू नका. जमिनीलगतच्या कपाटात, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि पावसाळ्यात सिलिका जेल वरचेवर बदला. दुरुस्तीचं काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर काढा.

दर बदलानंतर काय बदललं, कुठे किती व्होल्ट मिळाले, तारीख कोणती, हे वहीत लिहा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे बिघडलं तर कशाने ते कळतं. माझ्या वहीत आता त्या बोर्डाचं प्रत्येक मोजमाप आहे. पुढे कुणी ते यंत्र उघडलं तर त्याला अंदाजाने चिपा जाळाव्या लागणार नाहीत.

ही यंत्रं ज्यांनी तरुणपणी वापरली ती माणसं आज साठीच्या आसपास आहेत. कोणत्या कॅसेटवर काय आहे, कोणत्या ओळीत काय का लिहिलं, हे फक्त त्यांना ठाऊक आहे. म्हणून भाग मागवायच्या आधी त्यांच्याशेजारी वही घेऊन बसा आणि विचारा.