जुन्या बळकट लॅपटॉपची परीक्षा, मांडणी व दोषनिवारण

बैल विकत घेतांना शेतकरी त्याचे दांत पाहतो, खांदा चाचपतो, त्यास चार पावलें चालवून पाहतो, आणि मगच किंमतीची गोष्ट काढतो. परंतु तोच शेतकरी आपल्या मुलासाठीं किंवा मुलीसाठीं जुना लॅपटॉप घ्यावयास शहरांत गेला, म्हणजे विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून पैसे मोजतो. कारण या जनावराचे दांत कोठें असतात हें त्यास कोणी सांगितलेलें नसतें. कित्येक घरांत ही रक्कम पुष्कळ महिन्यांच्या काटकसरीनें साठविलेली असते. ती वायां जाऊं नये, आणि घरांत आलेलें यंत्र कोणास अपाय न करतां दीर्घकाळ चालावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

साधा लॅपटॉप टेबलावर वापरण्यासाठीं केलेला असतो. बळकट लॅपटॉप पोलिसांच्या गाडींत, रुग्णवाहिकेंत, विजेच्या तारा दुरुस्त करणाऱ्या कामगारांच्या हातांत व सैन्याच्या छावणींत वापरण्यासाठीं घडविलेला असतो. या जातीचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जपानमधील पॅनासॉनिक कंपनीचें ‘टफबुक’. या मालिकेंतील पहिलें यंत्र १९९६ सालीं निघालें. आपण येथें तिच्यांतील ‘सीएफ-३१’ हा संच उदाहरणादाखल घेऊं. तो २०१० सालीं बाजारांत आला व पुढें त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघत राहिल्या. मोठ्या संस्था असे संच एकदम पुष्कळ घेतात व ठराविक वर्षांनीं एकदम काढून टाकतात. नवेपणीं ज्याची किंमत सामान्य माणसाच्या आटोक्याबाहेर असते, तेंच यंत्र त्यामुळें पुढें अल्प किंमतींत मिळूं शकतें.

१. बळकटपणा म्हणजे काय?

या संचाची पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असून तिला उचलण्यासाठीं मूठ असते. पडदा १३.१ इंचांचा असून तो भर उन्हांतहि वाचतां यावा इतका प्रखर असतो. तारा जोडण्याच्या प्रत्येक जागेवर रबराची कड असलेलें लहानसें दार असतें.

विक्रेता बहुधा दोन प्रमाणांचीं नांवें सांगतो. त्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पहिलें ‘आयपी ६५’. यांतील पहिला अंक धुळीविषयीं आहे. ६ ही त्याची शेवटची पायरी असून धूळ मुळींच आंत शिरत नाहीं असा तिचा अर्थ होतो. दुसरा अंक पाण्याविषयीं आहे. ५ म्हणजे कोणत्याहि दिशेनें नळीनें मारलेल्या झोतानें अपाय होत नाहीं. पाण्यांत बुडण्याची गोष्ट ७ व ८ या अंकांत येते. म्हणून ६५ अंकाचें यंत्र पावसांत भिजलें तर चालेल, परंतु विहिरींत पडलें तर वांचेलच असें मानूं नये. दुसरें प्रमाण अमेरिकन सैन्याचें ‘मिल-एसटीडी-८१०’. त्यांत पडणें, हादरे, उष्णता, थंडी इत्यादींच्या परीक्षा कशा घ्याव्या हें सांगितलें आहे. सीएफ-३१ या संचाची परीक्षा ६ फुटांवरून पाडून घेतलेली होती.

परंतु या सर्व परीक्षा नव्या यंत्राच्या होत, ही गोष्ट विसरतां कामा नये. रबर वर्षानुवर्षें कठीण होत जातें व त्यास भेगा पडतात. एखादें दार तुटून गेलें असेल, तर आयपी ६५ हे अंक केवळ कागदावर उरतात. जुन्या यंत्राच्या रबराची परीक्षा पाणी ओतून कधींहि करूं नये. कागदाची अरुंद पट्टी दाराच्या कडेंत ठेवून दार लावावें व पट्टी हळूच ओढावी. ती सर्व बाजूंनीं अडखळत निघाली तर रबर अजून दाबून बसतें असें समजावें; कोठें सहज निसटली तर तेथून पाण्यास वाट आहे.

२. पैसे मोजण्यापूर्वीं

परीक्षेचा आरंभ यंत्र सुरू करतांच ‘एफ-२’ ही कळ दाबून करावा. म्हणजे यंत्राची मूळ व्यवस्था, जिला बायोस म्हणतात, ती उघडते. येथें जर यंत्रानें संकेतशब्द विचारला व विक्रेत्यास तो ठाऊक नसला, तर व्यवहार तेथेंच थांबवावा. “आंतली लहान बॅटरी काढली कीं शब्द पुसला जातो,” असें आश्वासन कित्येकदां मिळतें. पुष्कळ जुन्या घरगुती संगणकांविषयीं तें खरें होतें. टफबुकविषयीं तें खरें नाहीं. येथें संकेतशब्द वीज नसतांहि टिकणाऱ्या स्मृतिचकतींत असतो, आणि तो काढणें घरच्या माणसाचें काम नव्हे. शिवाय असें यंत्र चोरीचें असण्याचाहि संभव असतो, हें प्रामाणिक ग्राहकानें ध्यानांत घ्यावें.

बायोस उघडला तर पहिल्याच पानावर पुष्कळ माहिती मिळते. प्रोसेसरचें नांव वाचावें. ‘आय-५’ या नांवापुढें चार अंकी संख्या असेल तर तिचा पहिला अंक पिढी दाखवितो. ३३२० म्हणजे तिसरी पिढी, ५३०० म्हणजे पांचवी. संख्या तीनच अंकांची असेल तर ती पहिली पिढी होय. याच पानावर यंत्र आजवर एकंदर किती तास चाललें तेंहि नोंदलेलें असतें. हेच आपल्या जनावराचे दांत! पेटीवरचे ओरखडे पाहून यंत्राचें वय ठरवूं नये. ओरखडे पुष्कळ व तास थोडे, किंवा पेटी चकचकीत व तास अगणित, असें दोन्ही प्रकारें आढळतें.

त्यानंतर प्रत्येक कळ दाबून पाहावी, पडद्यावर पांढरा रंग आणून डाग पाहावे, प्रत्येक जोडणींत कांहींतरी जोडून पाहावें, बिजागरी सैल आहे काय तें पाहावें, आणि बॅटरीचें दार उघडून ती डोळ्यांनीं पाहावी.

३. विजेची बाजू

सीएफ-३१ या संचाचा चार्जर १५.६ व्होल्टचा असतो. बाजारांतील पुष्कळ लॅपटॉपांचे चार्जर १९ किंवा २० व्होल्टचे असतात. टोंक बसतें म्हणून चार्जर चालेल, हा समज घातक आहे. यंत्राखालील पट्टी व चार्जरवरील पट्टी वाचून पाहावी : व्होल्ट जुळलेच पाहिजेत, आणि चार्जरचे अँपिअर यंत्राच्या मागणीहून कमी असतां कामा नयेत, अधिक असले तरी चालतात, कारण यंत्र आपल्याला लागेल तेवढाच प्रवाह घेतें.

बॅटरीचा हिशेब अंकगणितानें होतो. समजा, नवी असतांना तिची शक्ति ९० वॅट-तास होती व आज ती पूर्ण भरल्यावर ३६ वॅट-तास भरते. ३६ भागिलें ९० म्हणजे शेंकडा ४०. यंत्र सरासरी १५ वॅट खात असेल, तर नवी बॅटरी ६ तास पुरली असती. आजची २ तास २४ मिनिटें पुरेल. हे दोन्ही आंकडे विंडोज व लिनक्स या दोन्ही व्यवस्थांत पाहतां येतात. विक्रेता “बॅटरी चांगली आहे” म्हणाला, तर हे आंकडे दाखविण्याची त्यास नम्रपणें विनंति करावी.

आतां सर्वांत महत्त्वाची सूचना. या बॅटऱ्या लिथियम-आयन जातीच्या असतात. जुनी झालेली बॅटरी कधीं कधीं आंत वायु धरून फुगते. दार नीट बसेनासें झालें किंवा बॅटरी जागेंतून निघेनाशी झाली, तर यंत्र बंद करून चार्जर काढावा. बॅटरी अलगद निघत असेल तरच काढावी. ती दाबूं नये, टोंचूं नये, सुरीनें उचकटूं नये. आंतील पडदा फाटला तर ती क्षणांत पेट घेते व धूर विषारी असतो. निघालेली बॅटरी जळाऊ वस्तूंपासून दूर, लादीवर ठेवून शक्य तितक्या लवकर ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावी; घरच्या केरांत टाकूं नये, कारण तो केर उचलणाऱ्या माणसाचाहि जीव आहे. भारतांत २०२२ च्या नियमांनीं जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. यंत्र बॅटरीवांचून केवळ चार्जरवरहि चालतें. तेव्हां नवी मिळेपर्यंत अभ्यास अडत नाहीं.

४. नवी मांडणी

जुन्या यंत्रांत पूर्वीच्या मालकाचीं पत्रें, छायाचित्रें व हिशेब राहिलेले असूं शकतात. तीं वाचणें म्हणजे दुसऱ्याच्या घरांत चोरून शिरणें होय. तीं न उघडतां संपूर्ण डिस्क पुसून टाकावी. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागीं एसएसडी बसविली तर यंत्राचा वेग एकदम वाढतो, व हादऱ्यांनीं बिघडणारा एक भाग कमी होतो. डिस्क एका लहान कप्प्यांत असते. कप्पा ओढून निघतो, परंतु त्याच्या आंतील पट्टीसारखी तार नाजूक असते. ती ओढून नव्हे, तर जोडणीजवळ धरून सोडवावी.

विंडोज १० चें सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें. विंडोज ११ साठीं इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो; सीएफ-३१ पांचव्या पिढीवरच थांबला. म्हणून अशा यंत्रासाठीं लिनक्स मिंटसारखी विनामूल्य व्यवस्था हा सरळ मार्ग होय. दुसऱ्या संगणकावर तिची प्रतिमा उतरवून पेन ड्राइव्हवर लिहावी, यंत्रास लावावी, बायोसच्या शेवटच्या पानावरून तो पेन ड्राइव्ह निवडावा, आणि डिस्कवर कांहींहि न लिहितां प्रथम व्यवस्था तशीच चालवून पाहावी. कळफलक, आवाज, वाय-फाय व स्पर्शाचा पडदा हे सर्व ठीक चालले, तरच ती कायमची बसवावी. मराठी लिहिण्यासाठीं कळफलकाच्या यादींत मराठीची भर घालण्यास विसरूं नये.

५. दोष शोधण्याची रीत

वैद्य जसा एकदम दहा औषधें देत नाहीं, तसें एका वेळीं एकच बदल करावा व त्याचा परिणाम वहींत लिहावा. सोप्या व बिनखर्चाच्या परीक्षा आधीं, पेंच उघडण्याच्या परीक्षा शेवटीं, हा क्रम पाळावा.

यंत्र मुळींच सुरू होत नसेल, तर भिंतीवरील बटण व चार्जर दुसऱ्या वस्तूवर किंवा जागीं तपासावा. नंतर चार्जर व बॅटरी दोन्ही काढून सुरू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी, आणि केवळ चार्जर लावून पुनः पाहावें. तेव्हां चाललें तर संशय बॅटरीवर घ्यावा.

यंत्र चालतें पण पडदा काळा असेल, तर अंधारांत पडद्यावर तिरपी बॅटरी मारावी. अक्षरें अंधुक दिसलीं तर चित्र येत आहे, मागचा प्रकाश मात्र गेला आहे. परंतु येथें घाई करूं नये. या यंत्रांत रात्रीं शत्रूस किंवा गुन्हेगारास उजेड दिसूं नये म्हणून सर्व दिवे व पडदा झांकण्याची एक गुप्त अवस्था असते. पूर्वीच्या मालकानें ती चालू ठेवली असेल, तर निर्दोष यंत्रहि मेलेलें भासतें! बाहेरचा पडदा जोडून बायोसमध्यें ती बंद करावी.

वाय-फाय सांपडत नसेल, तर प्रथम पेटीच्या कडेची सरकती कळ पाहावी, मग बायोसमधील परवानगी, आणि शेवटीं आंतील पत्रिका. वाय-फाय जोडलें गेलें तरी एकहि पान उघडत नसेल, तर घड्याळ व दिनांक पाहावे. आंतली लहान बॅटरी संपली म्हणजे यंत्र आपला दिनांक विसरतें. मग प्रत्येक संकेतस्थळाचें प्रमाणपत्र त्यास मुदतीबाहेरचें वाटतें व तें दार लावून घेतें. दोष जाळ्याचा दिसतो, पण असतो घड्याळाचा.

बोट एका जागीं ठेवलें व खूण दुसरीकडे उमटली, तर पडद्याची जुळणी पुनः करावी. सीएफ-३१ चा स्पर्शाचा पडदा दाबानें चालणारा असतो. तो हातमोजे घालूनहि चालतो, परंतु फोनप्रमाणें हलक्या स्पर्शास उत्तर देत नाहीं. तो त्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे.

यंत्र फार तापत असेल, तर पेटी मोकळी ठेवावी. बळकट यंत्रांची पुष्कळशी उष्णता धातूच्या पेटीवाटेच बाहेर पडते, म्हणून त्यांस प्लॅस्टिकची किंवा कापडाची खोळ घालून चालवूं नये. पावसांत वापरलेलें यंत्र आधीं बाहेरून पुसून कोरडें करावें, मगच त्याचीं दारें उघडावीं. नाहींतर रबरानें बाहेर अडविलेलें पाणी आपल्याच हातानें आंत जातें.

विद्यार्थी मित्रहो, या सर्व रीतींत पाठ करण्यासारखें थोडेंच आहे. पाहावें, अनुमान करावें, एकच गोष्ट बदलावी, पुनः पाहावें, आणि जें आढळलें तें लिहून ठेवावें. प्रयोगशाळेंत आपण हेंच शिकतों. पुढच्या उन्हाळ्यांत शेजारचें कोणी जुनें यंत्र घेण्यास निघालें, तर वही व पेन्सिल घेऊन त्यांच्याबरोबर जावें. एफ-२ ची एक कळ योग्य वेळीं दाबल्यानें एखाद्या घरची वर्षाची बचत वांचेल, आणि बॅटरीकडे टाकलेल्या एका दृष्टिक्षेपानें कदाचित् त्याहूनहि मोलाचें कांहीं वांचेल.