घटक ४ : सुट्टीतील वाचन आणि साहित्यकृतीचे विश्लेषण
(‘द ओल्ड मॅन अँड द सी’ या लघुकादंबरीच्या आधारे)

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला :
• कथानकाचा सारांश आणि साहित्यकृतीचे विश्लेषण यांतील भेद सांगता येईल.
• एकाच संहितेचे दोनदा वाचन कसे व कशासाठी करावे, हे स्पष्ट करता येईल.
• संहितेतील भाषिक तपशिलांवरून आशयाकडे जाता येईल.
• विधान, पुरावा आणि स्पष्टीकरण या क्रमाने विश्लेषणात्मक परिच्छेद लिहिता येईल.

४.२ प्रस्तावना

मागील घटकात आपण कथानक, पात्र, निवेदक, वातावरण या कथात्म साहित्याच्या घटकांचा परिचय करून घेतला. या घटकात त्यांचा प्रत्यक्ष उपयोग करावयाचा आहे. त्यासाठी मराठीबाहेरील एक कृती मुद्दाम निवडली आहे. परिचित कृतीविषयी आपण बरेच काही आधीच ऐकलेले असते आणि ते ऐकीव मत आपले स्वतःचे आहे, असे वाटू लागते. अपरिचित कृतीपुढे मात्र वाचकाला संहितेचाच आधार घ्यावा लागतो.

दूरस्थ पद्धतीने शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गातील चर्चा क्वचितच मिळते. नोकरी, शेती, घरकाम यांतून उरलेल्या वेळात, बहुधा एकट्यानेच, त्याला वाचायचे असते. अशा वेळी ‘माझा अर्थ बरोबर असेल का?’ या शंकेने तो तयार उत्तरांकडे वळतो. ही शंका दूर करण्याचे साधन संहितेतच असते, हे दाखविणे हा या घटकाचा मुख्य हेतू आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ उन्हाळी वाचनाची प्रथा

अमेरिकेतील अनेक माध्यमिक शाळा उन्हाळ्याच्या दीर्घ सुट्टीपूर्वी विद्यार्थ्यांना एक-दोन पुस्तके वाचावयास सांगतात. सुट्टी संपल्यावर इंग्रजीच्या वर्गात त्यांवर चर्चा होते, निबंध लिहून घेतला जातो किंवा चाचणी होते. विद्यार्थ्याने शिक्षकाच्या मदतीवाचून एक संपूर्ण पुस्तक वाचावे आणि वर्गात येताना स्वतःचे काही म्हणणे घेऊन यावे, ही त्यामागील अपेक्षा होय.

या अपेक्षेला पळवाटही लवकरच सापडली. १९५८ साली नेब्रास्का राज्यातील क्लिफ्टन हिलेगास यांनी शेक्सपिअरच्या नाटकांवरील अभ्यासपुस्तिकांपासून ‘क्लिफ्सनोट्स’ या मालेचा आरंभ केला. पुस्तकाला जोड म्हणून वापरावयाच्या अशा पुस्तिका पुष्कळ विद्यार्थी पुस्तकाऐवजी वाचू लागले. आपल्याकडील ‘गाइड’चा अनुभव याहून फार निराळा नाही. अशा पुस्तिकेतून कथानक कळते. परंतु ज्या वाक्यांमुळे ते कथानक साहित्य ठरते, ती वाक्ये तिच्यात नसतात.

अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही लघुकादंबरी अशा वाचनासाठी वारंवार निवडली जाते. १ सप्टेंबर १९५२ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या एकाच अंकात ती संपूर्ण छापली गेली आणि त्या अंकाच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती दोन दिवसांत विकल्या गेल्या. १९५३ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९५४ मध्ये हेमिंग्वे यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने तिचा मराठी अनुवाद केला आहे. ‘कोळी’ हा शब्द मासेमारी करणाऱ्यालाही लागू पडतो आणि जाळे विणणाऱ्या जीवालाही. मूळ शीर्षकात नसलेली ही अर्थच्छटा अनुवादाच्या शीर्षकात आपोआप येते, हे ध्यानात ठेवावे.

४.३.२ पहिले वाचन : काय घडते?

पहिले वाचन सलग करावे. हाती पेन्सिल नसली तरी चालेल. कथानक थोडक्यात असे आहे : क्यूबाच्या किनाऱ्यावरील सांतियागो या वृद्ध कोळ्याला चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा मिळालेला नाही. पहिले चाळीस दिवस त्याच्याबरोबर जाणाऱ्या मानोलिन या मुलाला आईवडिलांनी दुसऱ्या होडीवर पाठविले आहे. पंच्याऐंशीव्या दिवशी म्हातारा एकटाच खोल समुद्रात जातो. त्याच्या गळाला प्रचंड मार्लिन मासा लागतो आणि तो होडी ओढत नेतो. तिसऱ्या दिवशी म्हातारा त्याला मारतो. मासा होडीहूनही लांब असल्याने बाजूला बांधून परत निघतो. वाटेत शार्क मासे त्याचे लचके तोडतात. किनाऱ्याला लागतो तो केवळ सांगाडा.

हा झाला सारांश. परीक्षेतील उत्तरपत्रिकांत पुष्कळदा एवढेच लिहिलेले असते आणि शेवटी ‘यातून मानवी जिद्दीचे दर्शन घडते’ असे एक वाक्य जोडलेले असते. ते वाक्य चुकीचे नाही. मात्र ते कादंबरी न वाचताही लिहिता येते, म्हणून ते विश्लेषण ठरत नाही.

४.३.३ दुसरे वाचन : कसे सांगितले आहे?

दुसऱ्या वाचनात भाषेकडे पाहावयाचे असते. येथे तीन तपशील घेऊ.

(अ) नामनिर्देश : निवेदक नायकाला जवळजवळ सर्वत्र ‘म्हातारा’ आणि मानोलिनला ‘मुलगा’ म्हणतो. ‘सांतियागो’ हे नाव फार थोड्या ठिकाणी येते. नाव व्यक्तीला वेगळी काढते. ‘म्हातारा’ आणि ‘मुलगा’ हे शब्द मात्र वय आणि नाते पुढे आणतात. त्यामुळे ही एका कोळ्याची गोष्ट असतानाच वार्धक्याची आणि वारशाचीही गोष्ट होते.

(आ) बोलणे आणि विचार करणे : समुद्रावर एकटा असलेला म्हातारा स्वतःशी मोठ्याने बोलतो, माशाशी, पक्ष्याशी, आखडलेल्या डाव्या हाताशीही बोलतो. तो मोठ्याने काय बोलला आणि मनात काय म्हणाला, हा फरक निवेदक काळजीपूर्वक नोंदवितो. मुलगा सोबत असता तर, ही इच्छा त्याच्या तोंडी पुन्हा पुन्हा येते. एकटेपणाविषयी निवेदक दीर्घ भाष्य करीत नाही. या पुनरावृत्तीतूनच तो वाचकाला जाणवतो.

(इ) समुद्राचे लिंग : भाषेच्या अभ्यासकाला हा तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटेल. स्पॅनिशमध्ये समुद्रवाचक ‘मार’ हा शब्द पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी असा दोन्ही प्रकारे वापरता येतो. म्हातारा त्याला ‘ला मार’ असे स्त्रीलिंगी रूप देतो. ज्यांचे समुद्रावर प्रेम आहे त्यांचे हे बोलणे. रागाने बोलले तरी तिच्याविषयी स्त्रीसारखेच बोलले जाते. याउलट, शार्कच्या यकृताला चांगला भाव होता त्या काळात यांत्रिक होड्या घेतलेले काही तरुण कोळी ‘एल मार’ म्हणतात. त्यांच्या लेखी समुद्र हा प्रतिस्पर्धी, एक जागा, फार तर शत्रू असतो.

येथे व्याकरणातील एक निवड दोन पिढ्यांमधील अंतर, धंद्यातील बदल आणि निसर्गाशी असलेले नाते एकाच वेळी दाखविते. इंग्रजीत नामांना व्याकरणिक लिंग नसल्याने लेखकाला स्पॅनिश रूपे तशीच ठेवावी लागली. मराठीत लिंग आहे. पण ‘समुद्र’, ‘सागर’, ‘दर्या’ हे तिन्ही शब्द पुल्लिंगी आहेत. त्यामुळे मराठी अनुवादकापुढे अडचण वेगळी असते : भाषेत लिंग आहे, पण निवड नाही. स्पॅनिश शब्द ठेवून स्पष्टीकरण द्यावे, की मातृवाचक शब्दाची जोड द्यावी? मराठी अनुवाद वाचताना हा परिच्छेद अवश्य तपासून पाहावा.

आपली प्रगती तपासा – १
‘म्हातारा समुद्रावर प्रेम करतो’ या विधानाला संहितेतील कोणता भाषिक पुरावा देता येईल? तीन-चार वाक्यांत लिहा.

४.३.४ प्रतीक : किती आणि कोठवर?

या कादंबरीत अनेक समीक्षकांना ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाचे सूचन दिसले आहे. त्याला संहितेत आधार आहे. शार्क येताना पाहून म्हाताऱ्याच्या तोंडून निघणाऱ्या उद्गाराची तुलना निवेदक तळहातातून लाकडात खिळा जाताना निघणाऱ्या आवाजाशी करतो. परतल्यावर म्हातारा डोलकाठी खांद्यावर घेऊन चढ चढतो, वाटेत अनेकदा बसतो आणि झोपडीत हात पसरून, तळवे वर करून पालथा झोपतो.

मात्र हेमिंग्वे यांनी सप्टेंबर १९५२ मध्ये कलासमीक्षक बर्नार्ड बेरेन्सन यांना लिहिलेल्या पत्रात, या कृतीत प्रतीके नाहीत, समुद्र म्हणजे समुद्र आणि म्हातारा म्हणजे म्हातारा, अशा आशयाचे म्हटले होते. मग कोणाचे मानावे?

लेखकाचे म्हणणे हा एक पुरावा आहे, अंतिम निकाल नव्हे. खिळ्याची उपमा लेखकानेच लिहिली आहे आणि ती वाचकासमोर आहे. पण लेखकाचा इशाराही उपयुक्त आहे. ‘म्हातारा म्हणजे ख्रिस्त’ असे समीकरण मांडले की त्याचे रक्ताळलेले हात, तहान, कच्चा मासा खाणे हे सारे निरर्थक होते. प्रतीक मूळ वस्तूला पुसून टाकीत नाही. मासा आधी मासा असतो. नंतर आणखी काही. ‘डेथ इन द आफ्टरनून’ (१९३२) या ग्रंथात हेमिंग्वे यांनी लेखनाची तुलना हिमनगाशी केली होती : त्याचा एक अष्टमांश भाग पाण्यावर दिसतो. वाचकाने उरलेल्या भागाचा अंदाज बांधावा, पण तो दिसणाऱ्या भागावरून.

४.३.५ विधान, पुरावा, स्पष्टीकरण

विश्लेषणात्मक परिच्छेदाचे हे तीन भाग होत. विधान असे असावे की ज्याच्याशी एखादा जाणता वाचक असहमत होऊ शकेल. पुरावा संहितेतील नेमक्या जागेचा असावा. तो पुरावा विधानाला कसा पोचतो, हे स्पष्टीकरणात सांगावे. पुढील दोन नमुने पाहा.

नमुना १ : ‘सांतियागो हा फार जिद्दी आहे. तो हार मानत नाही. यावरून मनुष्याने संकटाला धैर्याने तोंड द्यावे हे कळते.’

नमुना २ : ‘म्हाताऱ्याचा संघर्ष शत्रुत्वाचा नाही, आणि त्यामुळेच त्याचा विजय त्याला सुखाचा होत नाही. ज्या माशाला मारावयाचे त्यालाच तो भाऊ मानतो, त्याच्या भुकेची कीव करतो आणि शार्कनी लचके तोडल्यावर त्याची क्षमा मागतो. शेवटी आपल्याला कोणी हरविले नाही, आपणच फार दूर गेलो, असे तो स्वतःला सांगतो. या कबुलीत पराभवाचे कारण तो बाहेर शोधत नाही. म्हणून ही कादंबरी जिद्दीचे कौतुक करते, तशी जिद्दीची किंमतही मोजते.’

पहिल्या नमुन्यात पुरावा नाही. दुसऱ्यातील मत तुम्हाला पटेलच असे नाही. मुलगा शेवटी पुन्हा म्हाताऱ्याबरोबर जाण्याचे ठरवितो, हा विरुद्ध बाजूचा पुरावा तुम्ही पुढे करू शकता. परंतु असा वाद करता येणे हीच दुसऱ्या नमुन्याची गुणवत्ता आहे. कोणताही एक निष्कर्ष पाठ केल्याने ती येत नाही.

कादंबरीच्या शेवटाजवळ एक पर्यटक स्त्री किनाऱ्यावरील सांगाड्याविषयी विचारते. काय घडले हे सांगण्यासाठी उपाहारगृहातील नोकर ‘शार्क’ हा शब्द उच्चारतो. तिला वाटते, हा सांगाडाच शार्कचा. तिला शब्द मिळाला, कथा मिळाली नाही. केवळ सारांश वाचणाऱ्याची स्थिती हीच असते : सांगाडा समोर असतो, पण तीन दिवस समुद्रावर काय झाले, हे ठाऊक नसते.

आपली प्रगती तपासा – २
पर्यटक स्त्रीचा प्रसंग वगळला असता तर कादंबरीच्या परिणामात काय फरक पडला असता?

४.४ सारांश

सारांश ‘काय घडले’ हे सांगतो. विश्लेषण ‘ते कसे सांगितले आणि त्यामुळे कोणता अर्थ निर्माण झाला’ हे सांगते. पहिले वाचन कथानकासाठी, दुसरे भाषेसाठी करावे. नामनिर्देश, पुनरावृत्ती, व्याकरणिक लिंग यांसारखे लहान तपशील आशयाकडे नेतात. प्रतीकाचा अर्थ संहितेच्या आधारानेच लावावा. पुरावा देता येत असेल तर एकट्याने वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्थही समीक्षकाच्या अर्थाइतकाच चर्चेस पात्र असतो.

४.५ पारिभाषिक शब्द

संहिता : साहित्यकृतीचा प्रत्यक्ष लिखित पाठ.
निवेदक : कथा सांगणारा, तो लेखकाहून वेगळा मानावा.
प्रतीक : स्वतःचे अस्तित्व राखून दुसऱ्या अर्थाचे सूचन करणारी वस्तू वा घटना.
व्याकरणिक लिंग : नामाचे भाषेच्या नियमाने ठरणारे लिंग.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. सारांश आणि विश्लेषण यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘सांतियागो जिंकला की हरला?’ संहितेतील किमान तीन पुरावे देऊन आपले मत मांडा. विरुद्ध मताचा एक पुरावाही विचारात घ्या.
३. उपक्रम : येत्या सुट्टीत कोणतीही एक मराठी लघुकादंबरी दोनदा वाचा. पहिल्या वाचनानंतर दहा ओळींचा सारांश लिहा. दुसऱ्या वाचनात लक्षात आलेला एकच भाषिक तपशील निवडा आणि त्यावर एक परिच्छेद लिहा. दोन्ही लेखन शेजारी ठेवून वाचा आणि दुसऱ्यातील कोणते वाक्य पुस्तक न वाचता लिहिता आले नसते, ते अधोरेखित करा.