चामड्याच्या पट्ट्यावर नावाचा ठसा

कोकणच्या किनाऱ्यावर बैलगाडी आणि घोडागाडी ही वाहतुकीची मुख्य साधने होती, त्या काळी चामड्याचा पट्टा ही नित्य गरजेची वस्तू होती. पुढे नायलॉनच्या पट्ट्या आल्या, गाड्या कमी झाल्या आणि चर्मकार बांधवांच्या हातातील हे काम आटले. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे जाणाऱ्या घोडागाड्या आजही दिसतात. परंतु तेवढ्यावर कारागिराचा संसार चालणे कठीण आहे. त्याच्या अंगच्या कौशल्याला नवे गिऱ्हाईक मिळवून देणे, हा आजचा खरा प्रश्न होय.

असे गिऱ्हाईक अलिबागच्या दारी आलेले आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसह येणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. किहीम, वरसोली, नागाव या गावी सुटीसाठी येणाऱ्या कुटुंबांबरोबर त्यांची पाळीव कुत्रीही येतात. कुत्र्याच्या गळ्यातील गळपट्टा आणि मालकाने हाती धरावयाचा लांब पट्टा, या दोन्ही वस्तू हाताने उत्तम बनू शकतात. त्यांवर कुत्र्याचे नाव ठशाने उमटविल्यास ती वस्तू त्या एका घरापुरती होते आणि कारखान्यातील एकसारख्या मालाशी तिची स्पर्धा उरत नाही. मागणी आल्यावर करून देता येण्याजोगे हे काम आहे.

चामड्याची निवड

ठसा प्रत्येक चामड्यावर टिकत नाही. क्रोमक्षारांनी कमावलेले चामडे मऊ व लवचीक असते. त्यावर मारलेला ठसा थोड्याच वेळात पुसट होतो. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडेच या कामी योग्य होय. कोल्हापुरी चपलेसाठी वापरतात ते चामडे याच जातीचे. ओळखण्याची खूण सोपी आहे. क्रोमच्या चामड्याची कापलेली कड बहुधा निळसर-करडी दिसते, तर सालीच्या चामड्याची कड तपकिरी असते. सालीच्या कोऱ्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच मुरतो आणि तेथे काळसर डाग दिसतो.

पट्टा पाठीच्या भागातून कापावा. पोटाच्या भागाचे चामडे सैल असून ओढीने ताणत जाते. मध्यम आकाराच्या कुत्र्यासाठी ३ ते ४ मिलिमीटर जाडी, सुमारे २० मिलिमीटर रुंदी व सव्वा ते दीड मीटर लांबी पुरेशी ठरते.

ठशाची कृती

ठसा मारण्यापूर्वी चामडे ओलावावे लागते. सर्व यश या ओलाव्याच्या प्रमाणावर अवलंबून आहे. ओल्या स्पंजाने दर्शनी बाजू सारखी भिजवावी आणि थांबावे. पृष्ठभागाचा काळसरपणा जाऊन मूळ रंग परतू लागला, पण हाताला गारवा लागत असला, की चामडे तयार झाले असे समजावे. ओल अधिक असल्यास अक्षराच्या कडा पसरतात. कमी असल्यास ठसा उथळ बसतो.

पट्टा दगडी फरशीवर किंवा ऐरणीवर ठेवावा. नाव आधी कागदावर लिहून त्याची लांबी मोजावी आणि पट्ट्यावर मध्यापासून दोन्ही बाजूंना खुणा कराव्यात. ठसा सरळ उभा धरून लाकडी मोगरीचा एकच ठाम घाव घालावा. दुसऱ्या घावाने ठसा हलतो व अक्षर दुहेरी उमटते. ओले चामडे घावाखाली किंचित पसरते. म्हणून भोके पाडणे, शिवणे व कड्या बसविणे ही कामे ठशानंतर करावीत. तेल व रंगही नंतरच द्यावा, कारण तेल प्यालेले चामडे पाणी घेत नाही. पट्टा सावलीत वाळवावा.

किनाऱ्यावरील कारागिराने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. सालीतील टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळा डाग पडतो आणि तो निघत नाही. खाऱ्या हवेत लोखंडी ठशांना गंज लवकर चढतो. ठसे कोरडे पुसून, तेलाचा हात देऊन ठेवावेत आणि वापरण्यापूर्वी ते तेल स्वच्छ पुसून काढावे. पट्ट्याच्या कड्या व आकडे पितळेचे घ्यावेत.

देवनागरीची अडचण

रोमन अक्षरांचे ठसे बाजारात सहज मिळतात, कारण ती अक्षरे सुटी असून मोठ्या लिपीत त्यांची संख्या २६ आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे आणि सर्वांना जोडणारी शिरोरेषा यांचा विचार करावा लागतो. ‘मोती’ हे नाव सोपे. ‘वाघ्या’ म्हटले की अर्धा घ हवा. छपाईच्या धंद्याने ही अडचण पूर्वीच सोडविली होती. १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी यांच्यासारख्यांनी देवनागरी खिळे सुबक केले आणि खिळे जुळाऱ्यांनी त्यांतून पाहिजे तो शब्द जुळविला.

तेच तत्त्व येथे लावता येते. शिरोरेषेविना अक्षरे व मात्रा यांचे सुटे ठसे करून घ्यावेत आणि शब्द पुरा झाल्यावर बोथट धारेच्या सरळ ठशाने वर एक अखंड रेघ ओढावी. अक्षर ठशावर उलटे कोरावे लागते, हे कोरणाऱ्यास आधी सांगावे. जुन्या छापखान्यातील शिशाचे खिळे मात्र मोगरीचा घाव सोसत नाहीत.

नाव कोठे, क्रमांक कोठे?

पट्टा ही शोभेची वस्तू नाही. रस्त्यावर एखादे वाहन वा घोडा पाहून कुत्र्याने झेप घेतली, तर त्याचा व इतरांचा जीव त्या पट्ट्यावर असतो. म्हणून ठशाच्या कडा किंचित बोथट असाव्यात, ठसा जाडीच्या चौथ्या हिश्शाहून खोल नसावा आणि जेथे पट्टा दुमडून शिवतात त्या ओढीच्या जागी तो मुळीच मारू नये. आणखी असे की, हरवलेल्या कुत्र्याजवळ लांब पट्टा क्वचितच असतो. तो मालकाच्या हातात राहतो. लांब पट्ट्यावर नाव शोभते. परत पोचण्यासाठी दूरध्वनी क्रमांक गळपट्ट्यावर हवा. त्यासाठी शून्य ते नऊ असे दहाच ठसे लागतात.

गावपातळीवरील कर्तव्य

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ मध्येच मिळाले होते. नावाची किंमत या मुलखाला नवी नाही. कारागिराने गिऱ्हाइकाचे नाव दर्शनी बाजूस आणि आपल्या गावाचे नाव आतील बाजूस उमटवावे. चर्मकाराचे काम घराघरांत पोचले, परंतु त्या कामावर त्याची खूण कधी राहिली नाही. ही उणीव एका छोट्या ठशाने भरून निघू शकते.

या कामी शासकीय साहाय्यही आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत चर्मकारांचा समावेश आहे. तीत प्रशिक्षणकाळी दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज, अशी तरतूद आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते; तेथे अर्ज पडून राहिला तर पुढचे सारे अडते. १९७४ मध्ये स्थापन झालेले चर्मोद्योग विकास महामंडळ आज संत रोहिदासांच्या नावाने कार्यरत आहे. गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची राज्य शासनाची योजनाही आहे.

पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील चर्मकारांची यादी करून पात्र व्यक्तींचे अर्ज भरून घ्यावेत. शिक्षकांनी कार्यानुभवाच्या तासाला गावच्या कारागिरास सन्मानाने पाचारण करावे आणि मुलांना त्याच्या हाताखाली एक तरी अक्षर उमटवू द्यावे. ज्या कामाला समाजाने दीर्घकाळ हलके लेखले, त्यात किती मोजमाप, किती रसायन आणि किती संयम आहे, हे मुलांना त्या एका तासात कळेल.