सहा प्रश्नांची उत्तरे

प्रस्तावना

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दीर्घकाळ परदेशी जाणे ही आज नवलाची गोष्ट राहिलेली नाही. तरीही निघण्याची वेळ जवळ आली की मनात शंका दाटून येतात. पैसा पुरेल का? परक्या ठिकाणी निभाव लागेल का? आजारी पडलो तर कोण पाहील? लोक काय म्हणतील? हेच प्रश्न १८८३ साली एका मराठी तरुणीपुढे उभे होते. तिने ते टाळले नाहीत. भर सभेत त्यांना उत्तरे दिली. त्या सभेची आणि त्यानंतरच्या प्रवासाची माहिती या पाठात आपण घेणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला

- आनंदीबाई जोशी यांच्या निर्णयामागील कारणे सांगता येतील;
- एखाद्या निर्णयाविषयीच्या शंका व त्यांची उत्तरे मुद्देसूदपणे मांडता येतील;
- धैर्य आणि निर्भयपणा यांतील फरक स्पष्ट करता येईल.

पाठ

कोलकात्याच्या उत्तरेस हुगळी नदीच्या पूर्व काठावर बराकपूर हे छावणीचे गाव आहे. १८५७ साली मंगल पांडे यांनी येथेच बंडाचे निशाण उभारले. नदीच्या पलीकडच्या काठावर, बराकपूरच्या समोरच, श्रीरामपूर वसलेले आहे. टपाल खात्यात नोकरी करणारे गोपाळराव जोशी बदलीमुळे बंगालच्या या भागात आले होते. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी आनंदीबाईही होत्या.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. गोपाळरावांनी त्यांना हट्टाने, प्रसंगी कठोरपणे शिकविले. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना मूल झाले. परंतु वैद्यकीय मदतीअभावी ते दहा दिवसांतच दगावले. पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे सांगण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवी, हा विचार त्यांच्या मनात रुजला.

पत्नीला अमेरिकेत शिक्षण मिळावे म्हणून गोपाळरावांनी एका मिशनरी गृहस्थांना पत्र लिहिले होते. ते एका मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्या वाचनात ते आले आणि त्यांनी आपण होऊन १८८० मध्ये पत्र पाठविले. पुढे दोघींचा पत्रव्यवहार वाढला. न पाहिलेल्या या स्त्रीला आनंदीबाई ‘मावशी’ म्हणू लागल्या.

अमेरिकेला जाण्याचा बेत प्रकट होताच चोहोबाजूंनी टीका सुरू झाली. समुद्र ओलांडणे त्या काळी निषिद्ध मानले जाई. त्यातून एकट्या विवाहित स्त्रीने जाणे तर अकल्पितच. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले. वयाची अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. लोक त्यांना वारंवार विचारत असलेले सहा प्रश्न त्यांनी स्वतःच श्रोत्यांपुढे मांडले.

अमेरिकेला का जाता? वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी; हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची निकड आहे आणि त्या कामासाठी आपण स्वतःहून पुढे येत आहोत. येथे शिकण्याची सोय नाही का? आहे, पण ती अपुरी आहे. शिवाय रस्त्याने चालणाऱ्या स्त्रीकडे पाहून लोक हसतात, टोचून बोलतात, अशा वातावरणात शिकणे कठीण. एकट्या का जाता? पतीवर आई व धाकट्या भावंडांचा भार आहे, तो टाकून त्यांना येता येत नाही. परतल्यावर जातीने वाळीत टाकले तर? आपण हिंदू म्हणून जाऊ, हिंदू म्हणूनच परत येऊ. पोशाख आणि आहार बदलणार नाही. मग बहिष्काराची भीती कशाला? तेथे संकट ओढवले तर? संकट कोणत्याही ठिकाणी येऊ शकते. त्याच्या धास्तीने कर्तव्य सोडणे योग्य नव्हे. आणि आजवर कोणा स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करता? समाजाचे ऋण प्रत्येकावर असते. दुसऱ्याने केले नाही म्हणून आपणही करू नये, असे होत नाही.

या उत्तरांत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. प्रवास सुखरूप होईल, असा दावा त्यांनी केला नाही. अनिश्चितता त्यांनी मान्य केली आणि तरीही निश्चय कायम ठेवला. खरोखरच, निघताना वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशही निश्चित झालेला नव्हता. त्यातच डोकेदुखी, ताप आणि अशक्तपणा यांनी त्या पूर्वीपासूनच बेजार होत्या.

७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीने त्या निघाल्या आणि ४ जूनला न्यू यॉर्कला पोहोचल्या. तेथे कार्पेंटरबाईंनी त्यांना घरी नेले. त्याच महिन्यात त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज केला आणि तो मंजूर झाला. १० ऑक्टोबर १८८५ रोजी तेथे घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात भारताच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली अशा तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात दिसतात. दूर देशी निघालेल्या त्या एकट्याच नव्हत्या, असे हे चित्र सांगते.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली. मात्र थंड हवा आणि आजारपण यांनी प्रकृती पार खालावली होती. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, पण कोल्हापूरला रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि न्यू यॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे तिचे दफन झाले.

पाचव्या प्रश्नातील संकट खरोखरच ओढवले. म्हणून निर्णय चुकला, असे म्हणता येईल का? रुग्णसेवेचे स्वप्न अपुरे राहिले, हे खरे. परंतु मराठी स्त्री सातासमुद्रापार जाऊन डॉक्टर होऊ शकते, हे एकदा सिद्ध झाल्यावर पुन्हा कोणाला ते अशक्य म्हणता आले नाही. यश हाती येईल की नाही, हे निघताना कोणालाच ठाऊक नसते. मनातील भीतीला प्रश्नांचे रूप द्यावे, प्रत्येक प्रश्नाला प्रामाणिक उत्तर शोधावे आणि मग पाऊल उचलावे, एवढेच माणसाच्या हाती असते.

शब्दार्थ

निभाव लागणे – टिकाव धरता येणे
दगावणे – मरण पावणे
निषिद्ध – मनाई असलेले
वाळीत टाकणे – जातीबाहेर काढणे
निकड – तातडीची गरज
रुजू होणे – कामावर हजर होणे

पाठांत प्रश्न

१. आनंदीबाईंनी वैद्यकीय शिक्षण घेण्याचे का ठरविले?
२. ‘एकट्या का जाता?’ या प्रश्नाला त्यांनी कोणते उत्तर दिले?
३. ‘अनिश्चितता मान्य करूनही निश्चय कायम ठेवता येतो.’ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. आनंदीबाईंचा निर्णय योग्य होता, असे तुम्हाला वाटते का? सकारण लिहा.

उपक्रम

तुम्ही लांबणीवर टाकलेला एखादा निर्णय आठवा. त्याविषयी लोक विचारतील असे सहा प्रश्न लिहा आणि प्रत्येकाचे उत्तर दोन-तीन वाक्यांत द्या.