'माइंड' आणि 'मन' : वाक्यांत उपयोग कसा शिकवावा



सन २००० पासून आपल्या राज्यात इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. मुले शब्दांचे अर्थ पाठ करतात. परंतु वाक्प्रचार आला की अडखळतात. 'माइंड म्हणजे मन' एवढेच फळ्यावर लिहून आपण पुढे गेलो, तर घोटाळ्याचे बीज आपणच पेरतो.

मराठीतील 'मन' फार व्यापक आहे. ते विचार करते, तसेच दुखते, रमते आणि अभ्यासात लागतेही. समर्थ रामदासांनी २०५ श्लोकांतून ज्या मनाला उपदेश केला, ते मन म्हणजे केवळ बुद्धी नव्हे. इंग्रजीत विचार, स्मरण व निश्चय ही कामे बहुधा 'माइंड'कडे आणि माया, दुःख ही 'हार्ट'कडे असतात. आपला 'मोठ्या मनाचा माणूस' इंग्रजीत मोठ्या 'हार्ट'चा होतो, तो यामुळेच.

वर्गात पुढील वाक्ये प्रथम घ्यावीत.

१. निश्चय : 'आय हॅव मेड अप माय माइंड.' – माझा निश्चय झाला आहे. 'शी चेंज्ड हर माइंड.' – तिने आपला विचार बदलला.

२. स्मरण : 'कीप इट इन माइंड.' – हे लक्षात ठेव. येथे 'मनात ठेव' असा अर्थ सांगू नये. त्यातून 'कोणास बोलू नकोस' असे सूचित होते. 'इट स्लिप्ड माय माइंड.' – माझ्या ध्यानातून गेले.

३. हरकत : 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' – मी येथे बसलो तर आपली हरकत आहे काय? याचे उत्तर 'नो' आले, तर खुशाल बसावे. ही गोष्ट बाकावर दोन मुलांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावी. अन्यथा 'नो' ऐकून मूल उभेच राहील.

प्रत्येक वेळी आधी प्रसंग सांगावा, मग त्या प्रसंगी घरी आपण काय म्हणतो ते मुलांना विचारावे, त्यानंतर इंग्रजी वाक्य द्यावे आणि शेवटी मुलांकडून स्वतःचे वाक्य घ्यावे.

मी शिक्षक असताना एका विद्यार्थ्याने लिहिले होते, 'माय माइंड इज नॉट टचिंग.' मी तांबडी फुली मारली, वर्ग हसला. पुढे कित्येक दिवस त्याने इंग्रजीचे एकही वाक्य लिहिले नाही. त्याचे वडील कामासाठी दूरगावी गेल्याचे मला मागाहून कळले. 'मायं मन नाही लागून राह्यलं', एवढेच त्यास सांगावयाचे होते. 'आय मिस माय फादर' हे वाक्य मी त्यास द्यावयास हवे होते. त्यात 'माइंड' हा शब्दच नाही.

तरी फुली मारण्यापूर्वी, 'तुला काय म्हणायचे आहे?' असे मुलास मराठीत अवश्य विचारावे. वाक्य दुरुस्त करण्याचे काम त्यानंतरचे.