गॅमा किरण आणि वर्ध्याच्या शेतातील सोयाबीन

वर्धा जिल्ह्यात कपाशी व तुरीच्या जोडीने सोयाबीनचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. विदर्भासाठी प्रसारित झालेले ‘टीएएमएस-३८’ (२००५) व ‘टीएएमएस ९८-२१’ (२००७) हे सोयाबीनचे वाण गॅमा किरणांच्या साहाय्याने निर्माण झाले. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांचे हे संयुक्त कार्य होय. अशा वाणाचे धान्य निर्धोक आहे काय, अशी शंका कास्तकाराच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर किरणांच्या प्रकारांत आहे.

किरणोत्सर्गी अणूचे अस्थिर केंद्रक मुख्यतः तीन प्रकारचे किरण बाहेर टाकते. अल्फा हा दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन यांचा जड कण. साधा कागदही त्यास अडवतो. मात्र तो सोडणारा पदार्थ श्वासावाटे अथवा अन्नावाटे शरीरात गेल्यास अतिशय घातक ठरतो. बीटा म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. त्यास काही मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनिअमचा पत्रा पुरतो. (तुरीच्या डाळीतील पोटॅशिअमचा अत्यल्प अंश निसर्गतःच बीटा किरण सोडीत असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) गॅमा हा कण नसून प्रकाशाच्याच जातीचा, पण फार अधिक ऊर्जेचा किरण आहे. तो रोखण्यास शिशाची अथवा काँक्रीटची जाड भिंत लागते.

बियाण्यासाठी गॅमाची निवड होते ती या भेदकतेमुळेच. कोबाल्ट-६० मधून बीटा व गॅमा दोन्ही निघतात. बीटा पोलादी आवरणातच अडतात, गॅमा दाण्याच्या आरपार जातात आणि जाताना काही जनुकांत बदल घडवितात. बहुतेक बदल निरुपयोगी, कित्येक तर हानिकारक असतात. त्यांतून एखादे उपयुक्त रोप हेरून पिढ्यान् पिढ्या पारखावे लागते. खरे कष्ट येथेच आहेत. शेतकऱ्याच्या हाती येते ते त्या मूळ दाण्याचे दूरचे वंशज. मूळ दाणाही किरणोत्सर्गी होत नाही, कारण कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा दाण्यातील अणूंची केंद्रके बदलण्यास अपुरी असते. उन्हात वाळविलेले धान्य रात्री उजेड देत नाही, तसेच हे.

धोका असतो तो किरणे सोडणाऱ्या स्रोतापासून. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे सव्वापाच वर्षे असल्याने टाकून दिलेला स्रोतही दीर्घकाळ प्रखर राहतो. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागात जुन्या यंत्रातील असा स्रोत भंगारात गेला आणि एका कामगारास प्राण गमवावे लागले. पिवळ्या पार्श्वभूमीवर तीन पात्यांचे चिन्ह असलेली वस्तू भंगारात आढळल्यास ती हाताळू वा फोडू नये, तिच्यापासून दूर राहून पोलिसांना ताबडतोब कळवावे.